कर्त्या वयाचे आरोग्य
(मंडळाच्या हाटकेश येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आरोग्य आणि सुखी जीवन’ या विषयावर चार शब्द बोलावे अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे पाठ करून घेण्यात आमची हयात गेली. तेव्हा काय खावे, कोणते आसन घालावे, कोणता काढा प्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आणि ते सांगणाऱ्यांची आज उणीवही नाही. प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज सकाळी चार उपाय येऊन पडतात, त्यांतील दोन परस्परविरुद्ध असतात. आम्ही बोलणार आहोत ते एका वयाविषयी. पंचविशीपासून साठीपर्यंतच्या वयास आपल्याकडे ‘कर्ते वय’ म्हणतात. या वयाच्या स्त्रीपुरुषांचे आरोग्य, त्यांचे सुख आणि त्यांचे काम या तीन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, आणि त्या तिन्हींकडे आपल्या मंडळाचे लक्ष नाही, एवढेच आमचे सांगणे आहे.

दुसरे विधान कित्येकांस रुचणार नाही. म्हणून आधी आपली स्मरणिकाच उघडून पाहू. प्रारंभी अध्यक्षांचे मनोगत. मग गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, टक्केवारीसह. त्यानंतर पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मग जाहिराती, आणि अखेरीस काळ्या चौकटीतील श्रद्धांजली. बालकांचे कौतुक आहे, वृद्धांस मान आहे. दोन्ही योग्यच आहे. परंतु या दोहोंचा भार वाहणारा जो मधला मनुष्य, ज्याच्या वर्गणीवर मंडळ चालते, त्याचे नाव येते ते देणगीदारांच्या यादीत, किंवा एकदम त्या शेवटच्या पानावर. त्या पानावरील वये जरा थांबून वाचावीत. सत्तरी-ऐंशीची वये आहेत, ती असावयाचीच. परंतु ४२, ४७, ५१ अशीही आहेत. आणि तेथे आल्यावर पान उलटण्याची घाई आपण सर्वच करतो.

आज आपण ज्या हाटकेशात जमलो आहोत, तेथील नित्यक्रमापासूनच आरंभ करू. संस्कृतात ‘हाटक’ म्हणजे सोने. हाटकेश म्हणजे सोन्याचा स्वामी, आणि हाटकेश्वर हे शंकराचे नाव आहे. शिक्षकाची खोड जात नाही म्हणून हे सांगितले. या सोन्याच्या स्वामीच्या वस्तीत सोने कोणाकडे किती आहे हे आम्हांस ठाऊक नाही. उद्योगनगराचे गाळे मात्र आहेत, आणि त्यांच्या भोवती इमारतींची दाटी आहे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली आणि २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. एके काळी मिठागरे आणि भातशेती असलेल्या या भूमीवर एवढी माणसे आली ती प्रायः मुंबईत जागा परवडेना म्हणून आली. आपल्यापैकी अनेक कुटुंबे लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्या सोडून येथे आली. जागा मोठी मिळाली, नळ घरात आला, संडास स्वतःचा झाला. हे सुख लहान नव्हे, ज्यांनी चाळीतील रांगा पाहिल्या आहेत ते हे जाणतात. पण काम मुंबईतच राहिले. घर आणि काम यांच्यामध्ये सुमारे ४० किलोमीटरचा लोहमार्ग आला.

येथे थोडे गणित करू. हाटकेशातून रिक्षा अथवा बस, मग मीरा रोड स्थानकाचा पूल, मग गाडी, मग चर्चगेट किंवा दादर, पुन्हा बस किंवा पायपीट. दाराला कुलूप लावल्यापासून कचेरीच्या दारापर्यंत दोन तास आणि परतीचे दोन तास धरा. दिवसाचे चार तास झाले. वर्षास ३०० दिवस कामाचे धरले तर १,२०० तास, म्हणजे पुरते ५० अहोरात्र. तीस वर्षांच्या नोकरीत हे १,५०० अहोरात्र होतात. चार वर्षांहून अधिक आयुष्य मनुष्याने दांडीला लोंबकळत काढले! हे चार वर्षांचे आयुष्य कोणत्या खात्यातून वजा झाले? कामाच्या खात्यातून नव्हे; मालक ते वजा करीत नाही. ते झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, पत्नीशी बोलण्यातून आणि चालण्याफिरण्यातून वजा झाले. रात्री साडेदहास जेवण आणि पहाटे पाचास उठणे, हा क्रम वीस वर्षे चालविणाऱ्यास रक्तदाब किंवा मधुमेह झाला म्हणजे आपण म्हणतो, ‘खाण्यापिण्याकडे लक्ष नव्हते.’ लक्ष द्यावयास तो घरी होता केव्हा?

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत देशात १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाखांस त्याची पूर्वावस्था असल्याचा अंदाज दिला आहे. हा आता केवळ श्रीमंतांचा किंवा म्हाताऱ्यांचा रोग राहिलेला नाही. तसेच, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ साली मिळून असा निष्कर्ष मांडला की, आठवड्यास ५५ अथवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांस, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. या हिशेबात प्रवासाचे तास धरलेले नाहीत. आपल्या मंडळींचे कामाचे आणि प्रवासाचे तास एकत्र केले तर किती होतात, हे ज्याचे त्याने घरी जाऊन मांडावे.

आता कोणी म्हणेल की गुरुजी, पोट भरावयाचे तर काम केलेच पाहिजे, विश्रांती ही श्रीमंतांची चैन आहे. यास उत्तर म्हणून आम्ही एका मनुष्याची आठवण देतो. तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. शिक्षण बेताचे, रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून पुढे ते मुंबईच्या मांडवी भागातील गिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांनी गिरणीकामगारांचे हाल प्रत्यक्ष पाहिले. त्या काळी गिरणी सूर्योदयास सुरू होई आणि सूर्यास्तास बंद होई. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही मोठे. आठवड्याची सुटी नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला होता, पण त्याने मुख्यतः लहान मुलांपुतेच पाहिले. प्रौढ माणसास तो विचारीतच नव्हता. पाहावे, प्रौढ मनुष्य तेव्हाही मधल्यामध्ये सुटला होता! महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेल्या लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संस्था स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या काय होत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. यांत चैनीची एकही गोष्ट नाही.

हा अर्ज एका दिवसात मंजूर झाला नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १८९० साली! आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर आज किती भगिनी बसल्या आहेत हे आम्ही मोजीत नाही. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारच्या सुटीस मान्यता दिली. पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने लोखंडे गेले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांची ज्ञाति कोणती, असा प्रश्न मागल्या रांगेतून येण्यापूर्वीच सांगून टाकतो की, त्यांनी मिळविलेला रविवार घेताना आपल्यापैकी कोणीही ती चौकशी केलेली नाही.

तो रविवार आज कोठे आहे? गेल्या काही वर्षांत मोठमोठे उद्योगपती आठवड्यास ७० तास, ९० तास काम करावे असा उपदेश करू लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तर एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी, रविवारी आपण लोकांकडून काम करवून घेऊ शकत नाही याचा खेद बोलून दाखविला. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, जादा कामास दुप्पट वेतन आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगण्यात आले. लेखी संमती! गाळ्यात एकटा असलेला मनुष्य मालकापुढे ‘माझी संमती नाही’ असे कोणत्या लेखणीने लिहिणार, हे आम्हांस समजत नाही. परंतु सरकारला आणि उद्योगपतींना बोल लावून आपण मोकळे होऊ नये. उरलेला रविवार आपण स्वतः काय करतो? सकाळी मंडळाची सभा, दुपारी साखरपुडा, सायंकाळी वास्तुशांत. आमच्या माहितीप्रमाणे आपल्या मंडळाचा एकही कार्यक्रम रविवार सोडून होत नाही, आणि तो दिलेल्या वेळी संपतही नाही. आजचाच कार्यक्रम पाहा, पाऊण तास उशिरा सुरू झाला. सहा दिवस फलाटावर धावलेल्या माणसास सातव्या दिवशी आपण खुर्चीवर बसवून भाषणे ऐकवितो. त्यांत आमचेही हे एक आहे.

तथापि कामाची निंदा करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. काम हाही आरोग्याचाच एक भाग आहे. एक सुंदर उदाहरण देतो. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांचा अभ्यास डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९५३ साली प्रसिद्ध केला. एकच गाडी, एकच पगारवर्ग, एकच वस्ती. चालक दिवसभर बसून. वाहक दिवसभर जिन्याने वर-खाली. चालकांपेक्षा वाहकांस हृदयविकार कमी आढळला. दुमजली बस आपण मुंबईकरांनी पाहिलेली आहे. जिना चढत ‘तिकीट, तिकीट’ करणारा वाहक आपल्यापेक्षा अधिक निरोगी असेल असे तेव्हा कोणाच्या मनात आले असेल? व्यायाम म्हणून वेगळे काही त्याने केले नव्हते. त्याचे कामच त्याचा व्यायाम होते.

आणि काम गेले म्हणजे काय होते, हे आपल्या ज्ञातीस पुस्तकातून शिकावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कित्येकांस पुन्हा कामावर जाता आलेच नाही. ज्या घरांतील कर्ता पुरुष त्या वेळी चाळिशीचा होता, त्या घरांस आम्ही विचारतो की, तो मनुष्य प्रथम कशाने खचला? पैसा नाही म्हणून खचला हे तर खरेच. पण भोंगा वाजल्यावर डबा घेऊन निघावयाचे ठिकाण राहिले नाही, याने तो अधिक खचला. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल नावाच्या गावी १९३० च्या सुमारास कापडाचा कारखाना बंद पडला, तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून गावाची पाहणी केली. ती १९३३ साली छापली गेली. लोकांकडे वेळ भरपूर होता, वाचनालयही होते, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले. पुरुष रस्त्याने पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागले, उगाच थांबू लागले. स्त्रिया मात्र तशा रेंगाळत नव्हत्या, कारण घरातील काम त्यांस सुटलेले नव्हते. हे वाचताना आम्हांस करी रोड आणि चिंचपोकळीच्या नाक्यांवर उभे राहणारे १९८३-८४ चे चेहरे आठवले. मनुष्यास विश्रांती पाहिजे तसे कामही पाहिजे, आणि त्या कामात थोडी प्रतिष्ठा पाहिजे.

सुखाचा विचारही येथेच करावा लागतो. सुख म्हणजे निवृत्तीनंतर कोकणात बांधावयाचे घर, अशी आपली एक समजूत झालेली आहे. तीस वर्षे सोसावे आणि मग सुख भोगावे! आम्ही निवृत्त झालो आहोत म्हणून अनुभवाने सांगतो की, जो मनुष्य नोकरीच्या काळात कोणाशी दोन शब्द बोलला नाही, तो निवृत्त होऊन गप्पिष्ट होत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून काही शेकडो माणसांचे आयुष्य तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाहत आले आहेत. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीत अधिक निरोगी आढळले, असे तेथील संशोधक सांगतात. आपल्या लोकांस ही गोष्ट कोणी न सांगता कळलेली आहे, आणि तिचा पुरावा विरार गाडीच्या डब्यात आहे. तेथील भजनी मंडळे आपण ऐकली असतील. टाळ, चकवा आणि खिडकीवर धरलेला ठेका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यास तोरणे लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. एखादा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. रेल्वेच्या नियमांत हे कितपत बसते यावर वाद आहेत, आणि ज्यास डुलकी घ्यावयाची आहे त्यास भजनाचा त्रास होतो हेही खरे. तरीही त्या चार वर्षांच्या लोंबकळण्यातून माणसांनी जे थोडे सुख स्वतःच्या हिकमतीने काढले, ते हे आहे.

भगिनींचा डबा निराळा. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली. आरंभी ती चर्चगेट ते बोरीवली होती, पुढे विरारपर्यंत गेली. सायंकाळी त्या डब्यात मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, पालेभाजी निवडली जाते. लोक याचे कौतुक करतात. आम्हांस त्या कौतुकाची थोडी लाज वाटते. कचेरीचे काम आटोपून घरचे काम गाडीतच सुरू झाले, याचा तो अर्थ आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसास सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिले आहे. हे ८८ सुद्धा ‘घरकामास हात लावणाऱ्या’ पुरुषांचे आहेत, बाकीचे त्या हिशेबातच नाहीत. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आपल्या घरातील स्त्रीपर्यंत अजून पोहोचलेला नाही. उलट रविवारी सर्वजण घरी म्हणून तिचे काम वाढते. तिचा रक्तदाब मोजला जातो तो बाळंतपणात, आणि त्यानंतर एकदम चक्कर येऊन पडल्यावर.

आता रुळांवरून उतरून गाळ्यांकडे वळू, कारण आपले सर्वच लोक गाडीने जात नाहीत. काही जण येथेच, चालत जाण्याच्या अंतरावर कामास आहेत. त्यांस प्रवासाचा त्रास नाही असे आपण म्हणतो. आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थांची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांनी ते मनातच ठेवावे. हे गृहस्थ चौदा वर्षे एका गाळ्यात लेथवर होते. सकाळी आठ ते रात्री आठ, पगार पाकिटातून. वय ४६. एके दिवशी यंत्रापुढेच उजवे अंग लुळे पडले. रुग्णालयात रक्तदाब पाहिला तो अतोनात वाढलेला. तो किती वर्षे वाढत होता हे कोणासच सांगता येईना, कारण तो कधी मोजलाच नव्हता. मोहल्ल्यातील डॉक्टरांचा दवाखाना सकाळी दहा ते एक आणि सायंकाळी सहा ते आठ. त्या दोन्ही वेळी हे गृहस्थ उभे होते लेथपुढे. मग कागदपत्रांचा शोध सुरू झाला. कामगार राज्य विम्याचे कार्ड नव्हते. भविष्यनिर्वाह निधीचे खाते नव्हते. हजेरीपटावर नावच नव्हते. चौदा वर्षे जो मनुष्य तेथे उभा होता, तो कागदावर तेथे नव्हताच.

मंडळाने यथाशक्ति मदत केली, ती आपण सर्वांनी दिली आहे. परंतु मदत पुरत नाही. त्यांची थोरली मुलगी बारावीनंतर महाविद्यालयात जावयाची, ती आता एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालते. तीही दिवसाचे दहा तास उभी असते. दहावीस हिचे छायाचित्र आपण याच स्मरणिकेत टक्केवारीसह छापले होते. तिला बक्षीस देताना टाळ्या वाजविणाऱ्यांत तिचे वडील मागे उभे होते. त्यांच्याकडे त्या दिवशी कोणी पाहिले असते, कोणी दंडास पट्टा बांधून दोन मिनिटे रक्तदाब मोजला असता, तर आजची गोष्ट वेगळी असती. वेगळी असतीच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण असण्याचा संभव मोठा होता, कारण रक्तदाब हा वेळीच कळला तर स्वस्त गोळ्यांनी आवरता येणारा रोग आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्ञातिमंडळाने आपली दृष्टी मधल्या माणसाकडे वळवावी. वधूवर सूचक विभागापासून आरंभ करता येईल. आपल्या छापील अर्जात शिक्षण, वेतन, स्वतःची जागा, गोत्र, उंची, वर्ण हे सर्व विचारतात. कामाचे तास किती आणि पाळी दिवसाची की रात्रीची, हे विचारीत नाहीत. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी आपली कितीतरी मुले-मुली आहेत. रात्रपाळीचे काम कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली म्हटले आहे. ती नोकरी करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरात ती सून म्हणून किंवा तो जावई म्हणून जाणार, त्या घराने सकाळी दहास पडदे ओढून त्यास झोपू द्यावे, एवढे तरी आधी ठरलेले असावे. ‘सून दुपारपर्यंत झोपते’ ही तक्रार घेऊन दोन कुटुंबे मंडळाच्या कार्यालयात आलेली आम्ही पाहिली आहेत.

दुसरे काम कार्डांचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी मालकाने करावी, आणि प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र द्यावे, असे त्यांत आहे. कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. १० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी ती लागू होते, वेतनाची मर्यादा २०१७ पासून मासिक २१,००० रुपये धरली गेली, आणि आजारपणात वर्षास ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन व कुटुंबास औषधोपचार मिळण्याची तीत सोय आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे. परंतु आपल्या किती सभासदांपाशी हे कार्ड आहे आणि किती जणांस ते मिळावयास हवे असून मिळालेले नाही, याची नोंद मंडळापाशी नाही. आपल्यापाशी कोणाच्या घरी कोणते कुलदैवत आहे याची वही आहे. तशीच ही एक वही करावी. आपल्यात दोन वकील आहेत, बँकेतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले आमच्यासारखे दहा-बारा म्हातारे आहेत. आम्हां लोकांस सकाळी उद्यानात फेऱ्या मारून झाल्यावर काम नसते. अर्ज भरून देणे, कचेरीत सोबत जाणे, मालकास नम्रपणे पत्र लिहिणे ही कामे आम्ही करू शकतो. एकट्या कामगाराच्या हाताने ‘माझी संमती नाही’ हे लिहिले जाणार नाही. मंडळाच्या कागदावर, चार वडीलधाऱ्यांच्या सह्यांनिशी गेलेले पत्र वाचावेच लागते. आपल्या ज्ञातीतील तीन-चार गृहस्थ स्वतःच गाळ्यांचे मालक आहेत आणि ते आज पुढच्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्याकडे पहिली वही घेऊन आम्ही स्वतः जाणार आहोत. त्यांनी राग मानू नये.

पैशाचा प्रश्न निघेल. साहाय्यनिधीतून सध्या वह्यावाटप, सत्कार आणि अंत्यविधीची मदत एवढेच होते. मनुष्य गेल्यावर आपण पाच हजार देतो, तो अंथरुणावर असताना देत नाही, कारण घटनेत तसे कलम नाही. ते कलम घालावे असा लेखी ठराव आम्ही चिटणीसांकडे दिला आहे: कर्ता सभासद आजारी पडून त्याचे वेतन थांबल्यास तीन महिन्यांपर्यंत त्याच्या घरचे शिक्षणशुल्क निधीतून भरावे. शालींचा खर्च कमी केला तर हे सहज बसते. यंदा ज्यांचा सत्कार होणार आहे त्यांत आमचेही नाव आहे. आमच्या वाटणीची शाल आम्हांस नको, तिची किंमत या खात्यास जमा करावी. ठराव पुढील सर्वसाधारण सभेत येईल. ती सभा शनिवारी रात्री आठास घ्यावी आणि दहास संपवावी, अशीही सूचना त्यात आहे.

आणखी एक गोष्ट आजच व्हावयाची आहे. ज्ञातीतील एक डॉक्टर भगिनी आमच्या विनंतीवरून यंत्र आणि साखर तपासण्याचे साहित्य घेऊन आल्या आहेत आणि शेजारच्या खोलीत बसल्या आहेत. त्यांस पाचाच्या गाडीने परत जावयाचे आहे. सवयीप्रमाणे आम्ही म्हातारे आधी उठून रांग धरू. तर आमची सर्व वडीलधाऱ्यांस हात जोडून विनंती आहे की, आपण बसून राहावे. आपली तपासणी दर महिन्यास होते. तीस ते साठ या वयाच्या मंडळींनी आधी जावे, त्यांतही भगिनींनी आधी. स्वयंपाकघरात पाने वाढण्याच्या तयारीत ज्या आहेत त्यांस कोणी तरी जाऊन बोलावून आणावे, आणि तोवर पाने पुरुषांनी मांडावीत.